हिरव्या दोऱ्याची शिवण

सुशीला वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी चौथीच्या मुलींना फळ्यावर नद्यांची नावं लिहून देत होते. वैनगंगा झाली होती, कन्हान व्हायची होती. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं. तरी मी पडले मास्तरीण, आधी कन्हान लिहिली, मग खडू ठेवला आणि बाहेर गेले. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती पुढं म्हणाली, "सकाळपासून तुले हाका मारून राहिली होती." त्या वेळी माझ्या मनात काय यावं? मी अंगात घातलेली चोळी तिच्या आईच्या, द्वारकेच्या हातची आहे, एवढंच आलं. घरातल्या खुंटीवरची, दोरीवर वाळणारी, पेटीतली सणाची, सगळ्या तिच्याच हातच्या. आज सहा आठवडे झाले. रोज सकाळी आंघोळ करून चोळी घालते आणि दोन्ही बाजूंनी तिचे हात अंगाला लागतात... बाराव्या-तेराव्यानं सुटायचं म्हणतात माणूस, पण मला काही ती सोडत नाही.

हा मजकूर रविवारच्या पुरवणीसाठी देते म्हटलं तेव्हा संपादकांनी दोनदा विचारलं, बाई, हे असं उघड छापायचं का? मी म्हटलं, छापायचंच. आमच्या घरांत बाईच्या छातीला नावच नाही. मूल लहान असेल तोवर 'अंगावर पाजते' म्हणायचं, पोर सुटलं की तो भाग जसा काही उरतच नाही. दुखलं तर 'इथं' म्हणायचं आणि पदर ओढून घ्यायचा. या 'इथं'नंच माझी मैत्रीण नेली. तेव्हा ज्यांना लाज वाटेल त्यांनी पान उलटावं, माझी लाज मी यापूर्वीच नको तिथं खर्च करून बसले आहे.

सक्करदऱ्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमची दोघींची माहेरं पाठीला पाठ लावून होती. शाळेत एकाच पाटावर बसलो. चौथीनंतर तिला उजवलं आणि मला पुढं शिकवलं, एवढाच काय तो फरक. तिचा नवरा गिरणीत, माझे यजमान सेक्रेटरिएटात कारकून, आणि योगायोगानं दोघींचे संसार महाल वस्तीत दोन गल्ल्यांच्या अंतरानं पडले. तिनं हातमशीन घेतलं आणि बायकांच्या चोळ्या, पोरींची पोलकी शिवायला लागली. बघता बघता साऱ्या महालाच्या बायका तिच्या ओसरीवर. बोलायला अशी फटकळ की विचारू नका! मी शाळेतून येताना दिसले की मशीन थांबवून ओरडायची, "अवं यमे, मास्तरीण झाली म्हणून चालणं विसरली काय वं? म्हैस आल्यावानी येऊन राहिली!" गिऱ्हाईक बायका तोंडाला पदर लावायच्या आणि मी तिच्याशी चार दिवस अबोला धरायचा बेत करत करत तिच्याच ओसरीवर जाऊन बसायची.

तिच्या माप घेण्याची एक तऱ्हा होती. टेप होती, पण मशीनच्या खणात गुंडाळी होऊन पडलेली. नेहमीच्या बायका आपली एक जुनी चोळी मापाला तिच्याकडेच ठेवत. नवीन बाई आली, किंवा कुणाचं अंग बाळंतपणानं बदललं, की द्वारका तिला आतल्या खोलीत न्यायची, पदराखालून हात घालायची आणि डोळे मिटून वितीनं आणि बोटांनी माप घ्यायची. पाव मिनिटात काम. "झालं, समजलं." चोळी अशी बसायची की बाईनं आरशापुढून हलू नये. स्वतःसाठी मात्र तिनं असं माप कधी घेतलं नाही. आपली एक जुनी चोळी अंथरायची आणि तिच्यावरून कापड कापायची. शिंप्याच्या घरी फाटकं असतं म्हणतो ना आपण, तसलाच प्रकार.

या बोटांनीच माझी गाठ सापडली. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. दोन बाळंतपणं होऊन माझं अंग सुटलं होतं म्हणून ती नव्यानं माप घेत होती. उजव्या बाजूला तिचा हात थांबला. डोळे उघडले.

"हे काय वं, यमे?"

"काय काय?"

"हे. लिंबाएवढं. दुखते?"

दुखत तर होतंच. पाळीच्या आधी आठ दिवस इतकं दुखायचं की फळ्यावर हात उचलवत नसे. चार महिने मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, यजमानांनाही नाही. आपलं आता संपलं, पोरांचं कसं होईल, हेच डोक्यात. मी रडायला लागले तशी ती चिडली. "चार महिने! अन् तू मजेत भूगोल शिकवून राहिली?" दुसऱ्या दिवशी शाळेत रजेची चिठ्ठी तिनंच पोचवली, टांगा केला आणि मला बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीणबाई दक्षिणेकडची, आपलं मराठी पुस्तकातून शिकलेली, शांत, सावकाश बोलणारी. द्वारका पडद्याबाहेर थांबायला तयार होईना. आतच माझा हात धरून उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईची बोटं कशी फिरतात ते टक लावून पाहत होती, एक कारागीर दुसऱ्याचं काम पाहतो तसं.

गाठ साधी वाटते, तरी काढून पाहू, असं बाई म्हणाल्या. काढली. दहा दिवसांनी परत बोलावलं. त्या दहा दिवसांत मी काय झाले होते ते माझं मला माहीत. गाठ निर्धोक निघाली. टेबलावर कुणा रोग्यानं आणून दिलेली संत्र्यांची टोपली होती. बाईंनी एक संत्रं उचललं आणि आम्हा दोघींना समोर बसवून म्हणाल्या, "नीट ऐका. बोटाखालून पळणारी, गुळगुळीत, पाळीच्या आधी दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते. जी जागची हलत नाही, दगडासारखी लागते, वरची कातडी आत ओढते किंवा या सालीसारखी करून टाकते, बोंड आत जातं, रक्ताळ पाणी येतं, काखेत दुसरी गाठ लागते, तिच्यासाठी एक दिवससुद्धा थांबू नका. दुखत नसली तरी थांबू नका. सुरुवातीला ती दुखतच नाही, म्हणून तर बायका उशिरा येतात. आणि बोटांवर फार भरवसा ठेवू नका. माझीही बोटं चुकतात. म्हणून ही काढली आणि काचेखाली पाहिली." आम्ही दोघींनी माना डोलावल्या. वर्गात मुली डोलावतात ना, घंटा व्हायच्या आधी, तशा. मग सीताबर्डीला उतरून जिलबी खाल्ली. द्वारकेनं टांगेवाल्यालाही खाऊ घातली, म्हणाली, "खा बाप्पा, आमची पोट्टी वाचली!"

त्या दिवसापासून द्वारकेच्या बोटांचा लौकिक झाला. चोळीचं माप द्यायला बायका यायच्या आणि हळूच म्हणायच्या, द्वारकाबाई, जरा इथंही पाहा ना. दवाखान्याचं नाव काढलं की ज्यांच्या सासवा घर डोक्यावर घेतील अशा बायका. ती पाहायची. "पळून राहिली, साधी हाय," असं कुणाला सांगायची, तर कुणाला म्हणायची, "उद्याच्या उद्या जा, नाहीतर चोळी शिवणार नाई." कोष्टीआळीतल्या एका बाईला तिनं अक्षरशः हाताला धरून नेलं होतं. त्या बाईचं एक अंग काढावं लागलं, पण बाई आजही मागावर बसते आहे. डॉक्टरीणबाईंचं शेवटचं सांगणं, बोटं चुकतात हे, द्वारका विसरून गेली. आणि त्याच्या आधीचं मी विसरले. मुलींकडून धडा शेवटच्या ओळीपर्यंत घोकून घेणारी मी. सुटले एकदाची, या आनंदात 'दुखत नसली तरी' हे तीन शब्द त्या टेबलावर ठेवून आले.

आता जे सांगायचं त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. गेल्याच्या गेल्या माघात माझ्या भाचीचं लग्न होतं. लढाईमुळे कापडाची मारामार, दोऱ्याचं रीळ तर औषधालाही मिळेना. इतवारीत तीन दुकानं हिंडून मी एक हिरवं रीळ मिळवलं, अर्धवट, कुणीतरी वापरून परत केलेलं, पण अगदी माझ्या खणाच्या रंगाचं. द्वारकेनं चोळी शिवली. दुपारची वेळ, ओसरीवर ऊन आलेलं, सुशीला पलीकडे काजं करत बसलेली. मी चोळी घालून पाहिली, नेहमीसारखी बसली. उरलेला दोरा तिनं पुढं केला, तर मी म्हटलं, राहू दे तुला. तिनं रीळ मशीनवर ठेवलं आणि म्हणाली, "यमे, जरा अंदर ये."

आतल्या खोलीत तिनं दार ओढून घेतलं. पदर खाली घेतला. "हात लावून पाह्य वं. डाव्या अंगाले."

आणि मला लाज वाटली.

पस्तीस वर्षांची मैत्री. तिचे हात माझ्या पदराखाली शंभरदा येऊन गेलेले. माझी गाठ तिनं शोधली, मला दवाखान्यात नेलं, पट्ट्या बदलल्या. आणि तिनं एकदा म्हटलं हात लाव, तर माझा हात पुढं होईना. मी हसले. हसण्यावारी नेलं. "अख्खा महाल तुह्याकडून तपासून घेते, अन् तू माह्याकडून?"

"पाह्य ना. माह्या हाताले समजून नाई राहिलं."

"दुखते का?"

"नाई. दुखत तर काहीच नाई."

"मग झालं तर! माही केवढी दुखत होती, तरी काही निघालं का? तुही तर दुखतही नाही."

या बोलण्यात काय चूक आहे ते माझ्या चौथीतली मुलगीही सांगेल. मी सांगितलं नाही, मला दिसलंही नाही. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, बस. द्वारका म्हणाली, "हो, तेही खरं," आणि पदर घेतला. मी नवी चोळी कागदात गुंडाळून काखेत मारली आणि घरी आले. रस्ताभर विचार कसला केला, तर लग्नात विहिणीला काय द्यायचं याचा.

त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन गेले तर मशीनचं चाक सुशीला फिरवत होती आणि द्वारका शेजारी नुसती बसून सांगत होती. कापड पुढं सरकवायचा डावा हात मांडीवर होता, दंडापासून बोटांपर्यंत सुजून टम्म. मी ताट तिथंच ठेवलं. तिला आत नेलं, आणि या वेळी मीच तिचा पदर खाली ओढला. हात लावायची गरजच उरली नव्हती. डोळ्यांना दिसत होतं. संत्र्याची साल...

तोच दवाखाना, त्याच डॉक्टरीणबाई, आता केस पिकलेल्या. त्यांनी आम्हाला ओळखलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गाठ तुमची होती ना?" मी तोंड उघडायच्या आत द्वारका म्हणाली, "तिची पळून गेली बाई, माही बसली." बाई हसल्या नाहीत. त्यांनी काख पाहिली, गळ्याखाली पाहिलं, पाठीच्या कण्यावर बोटं टेकवली तेव्हा द्वारका कळवळली. बाहेर येऊन त्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं की आता कापून उपयोग नाही, ते पुढं गेलं आहे. किती दिवसांपासून आहे, असं त्यांनी विचारलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मले सांगितलंच नाई जी तिनं." बाई माझ्याकडे वळल्या आणि तेच विचारलं. मी म्हटलं, माघापासून. एवढं एक मात्र मी खरं सांगितलं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे आठ महिने मी शाळा सुटली की तिच्याकडे जाऊन बसायची. सासूनं मीठमिरच्या ओवाळल्या, कुणी पाल्याचा लेप आणला, सगळं झालं. अंगात बळ होतं तोवर द्वारका पडल्या पडल्या सुशीलेच्या शिवणीत चुका काढायची. शेवटच्या रविवारी खोलीत आम्ही दोघीच होतो. इतके दिवस मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "द्वारके, त्या दिवशी मी हात लावायला पाहिजे होता."

तिनं डोळे उघडले नाहीत. "तुले काय समजलं असतं वं? मी लावला होता ना हात. रोज लावत होती. दुसरीचं असतं तर पाव मिनिटात सांगितलं असतं. माह्या अंगाले लावला का बोटं खोटं बोलायची."

मला वाटलं, सुटले. तिनं मला सोडवलं. मी तिचा उजवा हात हातात घेतला. बराच वेळ गेला, ती झोपली असं वाटलं, आणि मग तशीच डोळे मिटून ती म्हणाली, "पण लावाले पाहिजे होता."

तिचं माझ्याशी हेच शेवटचं बोलणं. बुधवारी सुशीला शाळेत आली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं आणलं, चोळी आणली. चोळीची बाही सुजलेल्या हातावर चढेना. सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. तिच्याच कातरीनं मी बाही खांद्यापर्यंत उभी कापली आणि तिला घातली. कातर काय धारेची होती! कापडाला लागली न लागली तोच दोन तुकडे.

परवा सुशीलेनं बोलावलं. शिवणाचं काम आता ती पुढं चालवते आहे. मापाला ठेवलेल्या जुन्या चोळ्यांचं गाठोडं सोडून जिच्या तिला परत करायच्या होत्या, आणि कुणाची कोणती ते तिला कळेना. द्वारका कधी नाव लिहीत नसे, नुसतं ओळखायची. आम्ही दोघी ओसरीवर बसून एकेक चोळी ओळखत होतो. ही वकिलाच्या आईची, ही कोष्टीआळीतल्या त्या बाईची, डावी बाजू सपाट शिवलेली. ही माझी. आणि तळाशी एक विटकी, जांभळ्या रंगाची. हातात घेताच ओळखली. तिची स्वतःची, जिच्यावरून ती आपलं कापड कापायची.

उजव्या बाजूची शिवण जुनीच होती, पांढऱ्या दोऱ्याची. डावीकडे मात्र शिवण उसवून, आत दाबलेलं जास्तीचं कापड, ज्याला शिवणारे माया म्हणतात ते थोडं सोडून, पिवळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवली होती. म्हणजे चोळी डावीकडे घट्ट व्हायला लागली तेव्हा तिनं चोळी बदलली. अंग बदललं असेल हे बोटांनी कबूल केलं नाही, पण सुईनं केलं होतं. पुढं पिवळीही उसवून, तिचे एक-दोन धागे तसेच अडकलेले, उरलेली माया सोडलेली. आणि अगदी शेवटी माया संपल्यावर शिवणीशेजारी चोळी कापून दुसऱ्याच कापडाची एक अरुंद पट्टी जोडलेली. पिवळ्या शिवणीच्या आणि पट्टीच्या मध्ये जी शिवण होती, ती हिरव्या दोऱ्याची होती.

माझ्या हिरव्या दोऱ्याची. तो रंग मी इतवारीत तीन दुकानं हिंडून शोधला होता, तो ओळखायला मला चूक होणार नाही. मी राहू दे म्हटलं तेव्हा रिळावर फार तर चार-पाच हात दोरा उरला असेल. मी चोळी काखेत मारून निघून गेल्यावर ती पुन्हा मशीनपाशी बसली होती... सुशीलेला विचारलं, तर ती म्हणाली, "हो, तू गेली अन् आईनं लगेच आपली चोळी उसवाले घेतली. मी म्हटलं, आता काहून? तर म्हणे, काही नाई, धुऊन आखडली." टाके बारीक, सरळ, एकही वाकडा नाही. घाबरलेल्या माणसाचे टाके असे नसतात. माझ्या बोलण्यावर तिनं खरंच विश्वास ठेवला असावा.

मी ती चोळी मांडीवर पसरली. डाव्या बाजूला, हिरव्या शिवणीच्या आतल्या अंगाला, डॉक्टरीणबाई ठेवायच्या तशी तीन बोटं सपाट ठेवली आणि हळूहळू गोल फिरवली. विटकं मऊ कापड, दुसरं काय लागणार तिथं? तरी मी फिरवत राहिले. सुशीला हातातलं काम टाकून पाहत होती. "मावशी, काय करून राहिली वं तू?"

"तुह्या आईनं दीड वर्षामागं सांगितलं होतं," मी म्हटलं, "ते करून राहिली."